घराला हात लावण्यापूर्वीं



‘घर पाहावें बांधून’ अशी आपली म्हण आहे. पण शहरवासीयांपैकीं बहुतेकांच्या वांट्याला नवें घर बांधण्याचा योग येत नाहीं. येतो तो बांधलेल्या घरांत फेरफार करण्याचा. मुलाला अभ्यासाला खोली हवी असते, स्वयंपाकघर अंधारें वाटतें. मग गवंड्याला बोलावणें जातें आणि प्रश्न निघतो, ‘याला परवानगी लागते काय?’ काम केवढें, खर्च किती, यावरून आपण उत्तर ठरवितों. कायद्याची कसोटी मात्र निराळी आहे.

मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या अधिनियमांतील ३४२ वें कलम पाहा. गिलावा, रंग, फरशी बदलणें, न्हाणीघर व शौचकूप यांची दुरुस्ती, नळ व विजेचीं साधनें बदलणें, पूर्वीच्याच साहित्यानें छप्पर पुन्हा घालणें, या कामांना तेथें परवानगीची गरज ठेवलेली नाहीं. परंतु इमारतीच्या लांबी, रुंदी वा उंचींत फरक करणें, भार वाहणारी भिंत काढणें, जोतें किंवा जमीन खालीं नेणें, पोटमाळा वाढविणें, उतरतें छप्पर सपाट करणें, हीं कामें या सवलतींत येत नाहींत.

या दोन याद्या शेजारीं ठेवल्या म्हणजे मर्म ध्यानांत येतें. घरभर संगमरवर घालणाऱ्यास परवानगी नको; पण दोन हातांची भार वाहणारी भिंत पाडणाऱ्यास हवी. पहिल्या कामांत आपला पैसा जातो. दुसऱ्यांत वरच्या मजल्यावरील कुटुंबाचा जीव टांगणीस लागतो.

ही भीति काल्पनिक नव्हे. २५ जुलै २०१७ रोजीं घाटकोपर येथें एक चार मजली इमारत कोसळून १७ माणसें मृत्युमुखीं पडलीं. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांत इमारतीच्या आधारांना धक्का लावल्याचा आरोप ठेवून पोलिसांनीं गुन्हा नोंदविला. काम एका मजल्यावरचें होतें. भोगावें लागलें तें सर्वांना.

याखेरीज महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६, हा राज्यभरचा कायदा आहे. त्यांत ‘विकास’ या शब्दाचा अर्थ केवळ नवें बांधकाम असा नाहीं. इमारतीच्या वापरांतील महत्त्वाचा बदलही त्यांत येतो. म्हणून राहत्या घराचें दुकान करावयाचें असल्यास, एक वीटही हलविली नाहीं तरी, प्रथम चौकशी करावी. केवळ आंतील, किंवा बाह्य स्वरूपांत विशेष फरक न पाडणाऱ्या कामांना या कायद्यांत सूट आहे. मात्र वारसा म्हणून जतन केलेल्या वास्तूंना ती नाहीं. उलट, सज्जा बंद करून त्याची खोली करणें हें काम रस्त्यावरून दिसतें. तें ‘आमच्या घरांतलें’ म्हणून सुटत नाहीं.

आणखी दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. गृहनिर्माण संस्थेचें संमतिपत्र म्हणजे नियोजन प्राधिकरणाची परवानगी नव्हे. शेजाऱ्यांच्या संमतीनें तुळईचें बळ वाढत नाहीं. दुसरें, अर्जावर ६० दिवसांत निर्णय न कळविल्यास परवानगी मिळाली असें मानण्याची तरतूद आहे. पण काम नियमांस धरून असेल तरच. कचेरीच्या मौनानें नियमबाह्य काम नियमशीर होत नाहीं. नकार आल्यास ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करतां येतें.

तेव्हां गवंड्याला बोलावण्यापूर्वीं इमारतीचा मंजूर नकाशा मिळवावा, तो जाणत्या स्थापत्य अभियंत्यास दाखवावा आणि तीन गोष्टी विचाराव्या: या कामानें इमारतीचा भार हलतो काय? तिचें माप किंवा बाह्य रूप बदलतें काय? तिचा उपयोग बदलतो काय? यांपैकीं एकाचेंही उत्तर ‘होय’ आलें, तर हातोडा खालीं ठेवावा आणि आधीं अर्ज लिहावा. या विलंबानें फार तर कांहीं महिने जातील. पण वरच्या मजल्यावरील लोक रात्रीं निर्धास्त झोपतील, आणि आपणही.