कुलूप कुणाचं, ते आधी विचारा

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका ग्रामसंघाच्या लेखापाल ताईंनी केलेलं हे भाषण. सभेनंतर बऱ्याच गटांनी माहिती लिहून मागितली, म्हणून ते अंकात देत आहोत. – संपादक मंडळ)



मला सांगितलं होतं की संगणकावर बोला. मी काही संगणकाची शिक्षिका नाही. बारावीपर्यंत शिकले, लग्न झालं, गटात आले आणि वह्या लिहायला लागले. पण आमच्या ग्रामसंघाने एक जुना लॅपटॉप घेतला आणि त्याने मला चार दिवस झोप लागू दिली नाही. तेच सांगते. माझी चूक कुठे झाली तेही सांगते, म्हणजे तुमची होणार नाही.

आपल्या पंचसूत्रीत पाचवं सूत्र काय आहे? नियमित लेखे. आमचे लेखे नियमित होते, पण सगळे हाताने. एकच माहिती तीन ठिकाणी उतरवायची. बँकेला काही टाइप करून हवं असलं की एसटीने तालुक्याला जायचं. तिकीट अर्धं, पण दिवस पुरा जायचा. म्हणून बैठकीत ठराव झाला की ग्रामसंघाच्या पैशातून १५ हजारांच्या आत जुना लॅपटॉप घ्यावा. नवा परवडत नव्हता. खरेदीची जबाबदारी माझ्यावर.

मी तालुक्याच्या एका दुकानातून साडेबारा हजारांना घेतला. दुकानदाराने चालू करून दाखवला. पडद्यावर निळा उजेड आला, डोंगराचं चित्र आलं, मी म्हटलं झालं. त्याने एका चिठ्ठीवर रक्कम लिहून दिली. ना मशीनचा नंबर, ना दुकानाचा शिक्का. मी अडीच हजार वाचवले या आनंदात घरी आले.

घरी चालू केला. डोंगराचं चित्र गेलं आणि कुणातरी परक्या माणसाचं नाव आलं. खाली पासवर्डची रिकामी चौकट. मी काय टाकणार? दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "ताई, कुठल्याही पोराकडून फॉरमॅट मारून घ्या, पाचशे रुपयांत होतं."

दुसऱ्या दिवशी बैठक होती. खरं सांगते, मला वाटलं आजारी आहे म्हणून सांगावं. रातोरात कुणाकडून तरी लॉक तोडून घ्यावं आणि काही झालंच नाही असं दाखवावं. पैसे माझे नव्हते ना. एकेका बाईने दर महिन्याला शंभर रुपये टाकून जमवलेले होते.

तेवढ्यात माझी भाची आली. ती शहरात संगणकाचंच शिकते. मी म्हटलं, "पोरी, एवढं फॉरमॅट मारून दे." ती म्हणाली, "आत्या, मारते. पण हे मशीन कुणाचं आहे ते आधी सांग."

तायांनो, हा प्रश्न मला दुकानात सुचायला हवा होता. आपण गाय घेताना विचारतो, कुणाच्या गोठ्यातली? दूध किती? कानातला बिल्ला बघतो. साडेबारा हजारांचं यंत्र घेताना मी काहीच विचारलं नाही.

मग तिने मला कुलपं समजावली. जुन्या लॅपटॉपला चार तऱ्हेची कुलपं असू शकतात.

पहिलं म्हणजे विंडोजचा पासवर्ड. हे घरातल्या खोलीचं कुलूप. मशीन चालू होतं, चित्र दिसतं आणि मग पासवर्ड मागतं. सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं की हे जातं.

दुसरं, डिस्कचं कुलूप. त्याला बिटलॉकर म्हणतात. त्याची किल्ली ४८ आकड्यांची असते. ती नसेल तर आतली माहिती वाचता येत नाही. पण आपल्याला जुनी माहिती नकोच असेल, तर डिस्क पुसून नवं विंडोज टाकता येतं.

तिसरं बायोसचं कुलूप. हे वाड्याच्या मोठ्या दरवाजाचं. ते विंडोजच्या आधीच, मशीनमध्येच बसवलेलं असतं. फॉरमॅट मारून ते जात नाही. ज्याने लावलं तोच काढू शकतो, नाहीतर खरेदीचं पक्कं बिल दाखवून मशीन बनवणाऱ्या कंपनीकडे जावं लागतं.

चौथं कुलूप दिसतच नाही. मोठ्या कार्यालयांची मशीनं इंटरनेटवर त्यांच्या यादीत नोंदलेली असतात. तुम्ही पुसा, नवं विंडोज टाका, सगळं छान होईल. पण इंटरनेट जोडलं की मशीन म्हणतं, मी अमुक कार्यालयाचं, तिथल्या नावाने आत या. ॲपलच्या मशीनलाही असंच असतं, जुन्या मालकाचं खातं काढल्याशिवाय ते आपलं होत नाही. ही नोंद मालकानेच काढायची असते.

भाचीने काही न मोडता मशीन पुन्हा चालू केलं, एक बटण दाबून बायोस उघडायला गेली, तर तिथेही पासवर्ड! म्हणजे आमच्या लॅपटॉपला खोलीचंही कुलूप होतं आणि वाड्याचंही. पाचशे रुपयांच्या फॉरमॅटने भागणार नव्हतं.

ती म्हणाली, "आत्या, चोरीचं असेल तर?" माझ्या पोटात गोळा आला. आता नवा कायदा आहे, भारतीय न्याय संहिता. त्याच्या कलम ३१७ मध्ये आहे की माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला कारण असताना, अप्रामाणिकपणे तो घेतला किंवा ठेवला तर तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि पुरावा म्हणून माझ्याकडे काय? एक चिठ्ठी.

मी बैठकीला गेले. सगळं जसं घडलं तसं सांगितलं. चिठ्ठी पुढे ठेवली. कुजबुज झाली. एक काकू मोठ्याने म्हणाल्या, "गेले पैसे पाण्यात." मला रडू आलं. पण आमच्या अध्यक्ष ताईंनी इतिवृत्तात लिहायला लावलं की लॅपटॉप लॉक आहे, तीन सदस्यांनी दुकानात जावं, मालकीचा कागद मागावा, नाहीतर पैसे परत आणावेत. लिहिलं गेलं आणि माझं अर्धं ओझं उतरलं. लपवलं असतं तर ते माझ्या एकटीचं राहिलं असतं.

आम्ही तिघी गेलो. पैसे परत मागितल्यावर दुकानदार म्हणाला, "ताई, अजून दीड हजार द्या, आतली चिप बदलून देतो, कुलूप गायब." अध्यक्ष ताई म्हणाल्या, "दादा, कुलूप गायब नको. कुलूप ज्याचं आहे त्याचा कागद दाखवा." थोडी घासाघीस झाली. मग त्याने फाईल काढली. एका कार्यालयाने जुनी मशीनं एकगठ्ठा विकली होती, त्यातला हा एक. त्या बिलाच्या यादीत नंबर होते. आम्ही लॅपटॉप पालथा केला आणि चिकटपट्टीवरचा नंबर एकेक अक्षर जुळवला. जुळला. म्हणजे चोरीचं नव्हतं. तिघींनी एकदमच श्वास सोडला.

मग त्या कार्यालयाला दुकानातूनच फोन लावला. तिथल्या संगणक सांभाळणाऱ्या साहेबांनी नंबर विचारला, यादी बघितली आणि म्हणाले, विकताना काढायचं राहून गेलं. त्यांनी बायोसचा पासवर्ड दुकानदाराला सांगितला, त्याने समोरच टाकून तो कायमचा काढला. वर ते म्हणाले, "आमच्या इंटरनेटवरच्या यादीतूनही हा नंबर काढतो, नाहीतर तुम्हाला परत अडेल." बघा, हे चौथं कुलूपसुद्धा होतं! दीड हजार देऊन चिप बदलली असती, तरी इंटरनेट जोडल्यावर पुन्हा दार बंद. आमचा खर्च झाला एका फोनचा. येताना नंबर घातलेलं, शिक्क्याचं पक्कं बिलही घेतलं.

आता पुसून नवं टाकायचं कसं, ते सांगते.

एक, ८ जीबी किंवा जास्तीचा पेन ड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जातं, म्हणून मुलांचे फोटो असलेला घेऊ नका.

दोन, दुसऱ्या चालू संगणकावरून मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जा. तिथे विंडोजचा पेन ड्राइव्ह बनवण्याचं साधन फुकट मिळतं, मीडिया क्रिएशन टूल नावाचं. कुणी दिलेली अनोळखी फाईल वापरू नका.

तीन, लॅपटॉपला चार्जर लावूनच काम करा. मध्येच वीज गेली आणि बॅटरी बसली की काम अर्धवट राहतं.

चार, पेन ड्राइव्ह लावून मशीन चालू करा आणि लगेच पेन ड्राइव्हपासून सुरू करण्याचं बटण दाबा. डेल आणि लेनोवोला बहुधा एफ १२, एचपीला एफ ९.

पाच, प्रॉडक्ट की मागितली तर 'माझ्याकडे नाही' हा पर्याय घ्या. पूर्वी होम असेल तर होमच, प्रो असेल तर प्रोच निवडा. डिस्कचे भाग दिसतील. त्या डिस्कवरचे जुने भाग काढून सगळी रिकामी जागा करा आणि पुढे जा. हे केलं की जुनं परत येत नाही असं समजूनच करा. मशीन मध्ये बंद होऊन चालू होतं, घाबरू नका. वाय-फाय दिसलं नाही तर मोबाइल केबलने जोडून त्याचं इंटरनेट द्या.

मशीनवर आधी अधिकृत विंडोज असेल, तर त्याचा परवाना मशीनशी जोडलेला असतो आणि इंटरनेट लागल्यावर आपोआप लागू होतो. सेटिंगमध्ये ॲक्टिव्हेशन बघा. झालं नसेल तर क्रॅक टाकून घेऊ नका. त्यातून व्हायरस येतो आणि आपल्या मशीनमध्ये बायकांची आधार आणि बँकेची माहिती असते. परवाना घ्यायला पैसे नसतील तर लिनक्स मिंट किंवा उबंटू टाका. ते फुकट आणि कायदेशीर आहे. त्यावर लिब्रेऑफिसमध्ये हिशेब होतात.

फार जुनं मशीनही घेऊ नका. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची मशीनं चालतात. दुकानदाराला विचारा, "कितवी पिढी?" नुसतं 'आय फाइव्ह' म्हणाला तर गप्प बसू नका.

एक गोष्ट मला आवडली ती सांगते. फॉरमॅटच्या आधी भाचीने विचारलं, "आत काय आहे बघू या का?" अध्यक्ष ताई म्हणाल्या, "परक्याच्या घरातले डबे उघडायचे नाहीत." आम्ही न बघता पुसलं. उद्या आपलं मशीन कुणाकडे जाईल तेव्हा त्यानेही आपलं बघू नये. म्हणून विकताना आधी आपल्या फाईली काढून घ्या, मग रीसेटमध्ये 'सगळं काढा' आणि त्याबरोबर 'ड्राइव्ह साफ करा' हे दोन्ही निवडा. नुसतं विंडोज नव्याने टाकलं तर जुनी माहिती खणून काढता येते.

आता कुलूप आमचं आहे, तर किल्लीही नीट ठेवली. खातं ग्रामसंघाच्या ईमेलवर उघडलं, भाचीच्या नाही. ती उद्या नोकरीला गेली तर? विंडोज ११ कधी कधी स्वतःच डिस्कला कुलूप लावतं, म्हणून ती ४८ आकड्यांची किल्ली कागदावर उतरवली. पासवर्ड आणि किल्ली बंद पाकिटात घालून कपाटात ठेवली. पाकिटावर अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या आहेत. दर शनिवारी हिशेबाची प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर घेतो.

जुना लॅपटॉप घ्यायला जाल तेव्हा दोघी-तिघी जा. दुकानातच पुसून, नवं विंडोज टाकून, इंटरनेट जोडून आत जाता येतं का ते बघा. बायोसला पासवर्ड नाही हे उघडून दाखवायला सांगा. बिलावर मशीनचा नंबर, शिक्का आणि 'लॉक निघाल्यास पैसे परत' हे लिहून घ्या. लिहून देत नसेल तर उठा. बाजारात दुसरी दुकानं आहेत.

गेल्या महिन्यात आमचा पहिला जमाखर्च गावातच टाइप झाला. 'पैसे पाण्यात' म्हणणाऱ्या काकू शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "माझं नाव कुठंय दाखव." दाखवलं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून बचतीचा आकडा वाचला, आपल्या पासबुकाशी ताडून बघितला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे."

मला तेवढंच हवं होतं.