कॅप्टनला शिक्षा, मग माफी… आणि आपलं बऊर

आज सोमाटण्यातून बोलतोय. फाट्यावरचे हॉर्न मधेमधे ऐकू येतील, सांभाळून घ्या.

आज जायचंय पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीला. डिसेंबर २००८ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष वारले आणि कॅप्टन मूसा दादिस कामारा या लष्करी अधिकाऱ्यानं सत्ता बळकावली. २८ सप्टेंबर २००९ ला त्याच्या विरोधात हजारो लोक राजधानी कोनाक्रीच्या स्टेडियममध्ये जमले. सैनिक आत घुसले. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीनुसार किमान १५६ माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, किमान १०९ बायकांवर लैंगिक अत्याचार झाले.

खटला उभा राहायला १३ वर्षं लागली. पण उभा राहिला तो गिनीतच, आणि लोकांनी तो टीव्हीवर बघितला. कामारा त्या दिवशी स्टेडियममध्ये नव्हताच. तरी ३१ जुलै २०२४ ला त्याला २० वर्षांची शिक्षा झाली. का? तर वरच्याची जबाबदारी. हाताखालची माणसं गुन्हा करतायत, साहेबानं थांबवलं नाही, नंतर जाबही विचारला नाही, तर साहेबही दोषी. मला हा मुद्दा फार मोठा वाटतो.

मग मार्च २०२५ मध्ये तब्येतीचं कारण देऊन माफी. देणारे राष्ट्राध्यक्ष कोण? तेही बंड करूनच आलेले एक लष्करी अधिकारी. घ्या!

आता आपल्या मावळात या. ९ ऑगस्ट २०११, क्रांतिदिन. पवना धरणाचं पाणी बंद पाइपातून पिंपरी-चिंचवडला न्यायला विरोध म्हणून शेतकरी बऊरजवळ एक्सप्रेसवेवर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे, श्यामराव तुपे गेले. लष्करी राजवट आणि आपली लोकशाही मी एका तराजूत घालत नाहीये. पण वर्दीतल्या माणसाला जाब कोण विचारणार, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे ना?

आपल्याकडे निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा चौकशी आयोग नेमला. आता हे नीट ऐका, कारण इथंच बरेच जण गोंधळतात. आयोग म्हणजे कोर्ट नव्हे. १९५२ च्या कायद्यानं तो साक्षीदार बोलावतो, कागद मागवतो, अहवाल देतो. शिक्षा देऊ शकत नाही. आयोगापुढं दिलेला जबाब त्या माणसाविरुद्धच्या खटल्यात सहसा वापरताही येत नाही. आणि जमाव पांगवताना केलेल्या कृतीबद्दल पोलिसावर खटला भरायचा तर आधी सरकारची परवानगी लागते. म्हणजे ज्यांच्या हुकमातली वर्दी, परवानगीही त्यांचीच.

जलवाहिनीवरची स्थगिती २०२३ मध्ये उठली. त्या बातमीत पाणी किती, खर्च किती, सगळं होतं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरचं माणूस त्या दिवशी रस्त्यावर होतं का? आंदोलनात असो नाहीतर बंदोबस्तात. व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू.