आरोप आणि बचाव



आजचा विषय माजघरातच दाबून ठेवावा असा आपल्याकडचा शिरस्ता आहे. घरातील मारहाण ही 'नवराबायकोची भांडणे' ठरते. आणि प्रकरण पोलीस ठाण्यात गेले की गावात दोन तट पडतात. एक म्हणतो, बाई सांगते म्हणजे खरेच. दुसरा म्हणतो, असल्या तक्रारी खोट्याच. न्यायाचे काम ही दोन्ही वाक्ये बाजूला ठेवल्यावरच सुरू होते, एवढेच आज आम्हाला सांगायचे आहे.

पुण्यातील एक खटला घ्या. १९८२ साली लग्नाला काही महिनेच झालेली एक तरुणी सासरी विषाने मेली. तिने माहेरी व मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांत तिचे दुःख उघड होते. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला खुनाबद्दल फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. परंतु १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. आत्महत्येची शक्यता पुराव्याने दूर झाली नव्हती, आणि संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कशी पुरी असावी याचे पाच नियम त्या निकालात सांगितले आहेत. ते आजही प्रमाण मानले जातात.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. ती तरुणी जिवंत असताना पतीकडून होणारा छळ हा स्वतंत्र गुन्हा म्हणून कायद्यात नव्हता. मेल्यावर खुनाचा खटला, जिवंतपणी मात्र काही नाही! १९८३ च्या अखेरीस दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आले ते ही पोकळी भरण्यासाठी. १ जुलै २०२४ पासून तोच गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत आहे. आत्महत्येस प्रवृत्त करील किंवा जीवाला व आरोग्याला गंभीर इजा पोहोचवील असे जाणूनबुजून केलेले वर्तन, अथवा पैशाअडक्याच्या बेकायदा मागणीसाठी केलेला छळ, याला तीन वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. मनाला झालेली इजाही यात येते, हे विसरू नये.

याशिवाय २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. त्याचा हेतू प्रथम शिक्षा हा नसून संरक्षण हा आहे. घरातून हुसकू नये, मारू नये, खर्च द्यावा, असे हुकूम दंडाधिकारी देतात. संरक्षणाचा हुकूम मोडला तर मात्र तो गुन्हा होतो, आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आता बचावाकडे वळू. पूर्वी तक्रार नोंदली की वृद्ध सासूसासऱ्यांसह सर्वांना गजाआड करण्याची घाई होत असे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, अशा गुन्ह्यात आपोआप अटक करू नये; अटक का हवी याची कारणे पोलिसांनी लिहावीत, एरवी हजर राहण्याची नोटीस द्यावी. म्हणून नोटीस आली तर पळू नये, हजर व्हावे. भीती असल्यास अटकपूर्व जामीन मागावा. तक्रारदार बाईला धमकावू नये, कारण त्यानेच जामीन जातो. जमाखर्च, पत्रे, संदेश जपून ठेवावेत. आणि सगळ्या नातेवाइकांवर मोघम आरोप असतील, तर कोणी, केव्हा, काय केले हे वकिलाने न्यायालयापुढे विचारावे. अशा मोघम आरोपांवरून चालवलेला खटला सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली रद्द केला आहे.

हाच प्रश्न तक्रारदार भगिनीलाही उपयोगी आहे. तारीख, ठिकाण, घडलेली गोष्ट, डॉक्टरांचा दाखला, शेजाऱ्यांची साक्ष, हे जितके नेमके, तितकी तक्रार भक्कम. दहाजणांची नावे घातल्याने ती भारी होत नाही, उलट खऱ्या अपराध्याला त्या गर्दीत लपायला जागा मिळते. वकील परवडत नाही म्हणून कोणी मागे राहू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो; कोठडीत असलेल्या आरोपीलाही मिळतो. कायद्याने दोघांना एकाच दारातून आत घेतले आहे, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते.

एक गैरसमज मात्र दूर करू या. आरोपी सुटला म्हणजे तक्रार खोटी होती असे नव्हे. बंद दाराआड साक्षीदार नसतो, असलेले फिततात, कित्येकदा मुलांसाठी बाई स्वतःच माघार घेते. निर्दोष सुटका याचा अर्थ गुन्हा वाजवी संशयापलीकडे शाबीत झाला नाही, इतकाच. तसेच आरोप म्हणजे अपराध नव्हे, आणि जामीन म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे.

तेव्हा शेजारच्या घरातून हुंदका ऐकू आला तर आपण दार ठोठावू या. आणि त्या घरातील कोणावर खटला झाला तर निकाल आपण न देता न्यायालयाला देऊ द्या. पहिले करायला धैर्य लागते, दुसरे करायला संयम. आपल्या समाजात दोहोंची सारखीच टंचाई आहे, आणि ती भरून काढणे कोणत्याही कलमाच्या हाती नाही, तुमच्याआमच्या हाती आहे.