अकरा रुपयांची पावती



मला या पदवीदानाचं निमंत्रण आलं तेव्हा वाटलं, पत्त्यात चूक झाली. मी बुधवार पेठेतल्या एका गणेश मंडळाचा कार्यकर्ता. 40 वर्षं मांडव घातले, उतरवले, पावत्या फाडल्या. असा झगा आज पहिल्यांदाच अंगावर चढला आणि फार उकडतंय, तेव्हा लांबवणार नाही. तुम्ही नाटक, संगीत, चित्रकला शिकून बाहेर पडताय. पगार न देता माणसं कशी जमवायची, हे तुमच्या अभ्यासक्रमात नाही असं कळलं. मला तेवढंच येतं.

1983 साली मी सतरा वर्षांचा होतो. खजिनदारांनी मला शंभर पावत्यांचं पुस्तक दिलं आणि बजावलं, "चुकलेली पावतीसुद्धा फेकायची नाही. आडवी रेघ मारून पुस्तकातच ठेवायची." मी निघालो तुळशीबागेकडे. तिथे भांड्यांच्या दुकानात एक म्हातारे काका बसायचे. दरवर्षी अकरा रुपये देत. मी पुस्तक पुढे केलं, तर म्हणाले, "गेल्या वर्षीचा हिशेब कुठाय?"

मी परत गेलो, हिशेब आणला. काकांनी चष्मा पुसला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मूर्ती, मांडव, वीज, बँड, प्रसाद. गिऱ्हाईक ताटकळत होतं, त्याची त्यांना फिकीर नव्हती. शेवटी म्हणाले, "दिव्यांच्या माळांचं भाडं दोनदा लागलंय. चाळीस रुपये." मला राग आला. द्यायचे अकरा आणि रुबाब केवढा! पण रात्री खजिनदारांनी पावत्या जुळवल्या तर काका बरोबर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या फळ्यावर खडूनं ती चूक, दुरुस्त आकडा आणि खाली खजिनदारांची सही. मी शरमेनं फळ्याकडे पाठ करून उभा राहिलो. खजिनदार तिथेच बाकावर बसून निवांत चहा पीत होते.

पुढच्या वर्षी काकांनी किती दिले असतील? अकराच. वर पुन्हा हिशेब मागितला.

मला बरीच वर्षं वाटायचं की विश्वास म्हणजे कोणी काही न विचारणं. ते उलटं आहे. अकरा रुपयांत काका विचारायचा हक्क विकत घेत होते, आणि आम्ही तो त्यांना विकत होतो. सार्वजनिक संस्थांसाठी 1950 चा कायदा आहे. त्यात संस्थेची जबाबदारी घेणाऱ्याला 'विश्वस्त' म्हटलंय. धर्मादाय आयुक्तांकडे ताळेबंद द्यावा लागतो, तो आम्हीही देतो. पण खरं सांगू? त्या कचेरीची आम्हाला कधी इतकी भीती वाटली नाही, जितकी त्या चष्म्याची वाटायची.

पगार न घेता एकत्र येऊन काही उभं करायची आमच्या पेठेला जुनी सवय आहे. भाऊ लक्ष्मण जावळे, शालू रंगवणारे म्हणून भाऊ रंगारी, यांनी 1892 साली इथे गणपती बसवला. पुढच्या वर्षी लोकमान्यांनी 'केसरी'तून या उत्सवाची पाठराखण केली. पहिला कोण, यावर पुण्यात आजही भांडण होतं. तुम्ही त्यात पडू नका, रात्र जाईल. त्याआधी 1887 मध्ये गुरुजी तालमीचा गणपती हिंदू आणि मुसलमान कुटुंबांनी मिळून बसवला होता. पुढे मेळे आले. गल्लीतली पोरं पदं बसवायची, एकसारखे कपडे करून चौकाचौकात गायची. इंग्रज सरकारला त्या पदांची धास्ती होती. ही मंडळी कोणी नाटक कंपनीतली नव्हती. दिवसा दुकान, छापखाना, शाळा, आणि रात्री तालीम.

मेळ्यांच्या जागी आमच्या काळात जिवंत देखावे आले. आठ-दहा मिनिटांचं नाटुकलं. संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले, कलाकार त्यावर फक्त हावभाव करणार. प्रयोग संपला की दोर धरून गर्दी पुढे सरकवायची, की लगेच पुढचा. आता रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद, ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत. तेव्हा पहाट व्हायची. अफझलखान दिवसा बँकेत कारकून असायचा. ॲम्प्लिफायर आणि वायरी तपकीर गल्लीतून यायच्या, लिखापढी न करता. दुकानदार एवढंच म्हणायचा, "विसर्जनानंतर परत आण, आणि जळलं तर आधी सांग." हे 'आधी सांग' फार महत्त्वाचं. एकदा जळला. मी त्याच रात्री जाऊन शटर वाजवलं. शिव्या खाल्ल्या, आणि दुसरा घेऊन आलो.

माझ्या हातून झालेली एक चूकही सांगतो. एका वर्षी देखाव्याची जबाबदारी माझ्याकडे होती. पडद्याचा दोर मी एका नव्या मुलाला दिला. काम साधं, पण वेळ चुकली तर देखावा फसतो. म्हणून मी त्याच्या मागे उभा राहिलो. पहिल्या प्रयोगाला "आता ओढ" म्हणालो. दुसऱ्याला पण. तिसऱ्याला त्यानं दोर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "दादा, तुम्हीच ओढा की." तो घरी गेला. चार रात्री मी पडदा ओढत राहिलो, त्यामुळे समोर गर्दीत काय चाललंय ते मला दिसलंच नाही. तो मुलगा पुढे दुसऱ्या मंडळात गेला, तिथे उत्तम नेपथ्य करतो. मी त्याला परत बोलवायला गेलो नाही. जायला हवं होतं.

खजिनदारांनी पुस्तक देताना माझ्यामागे माणूस लावला नव्हता. परत आल्यावर मात्र एकेक पावती मोजली. मी काम करताना मोजत बसलो, आणि काम झाल्यावर विचारायला माणूसच उरला नाही.

विसर्जन मिरवणूक तुम्ही पाहिली असेल. आधी कसबा, कारण ते ग्रामदैवत. मग आमच्या पेठेतली तांबडी जोगेश्वरी, ग्रामदेवता. मग गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. लक्ष्मी रस्त्यावर हजारो ढोल वाजत असतात, एकेका पथकात कॉलेजची पोरं महिनाभर नदीपात्रात सराव करून आलेली, मोबदला न घेता. पाच मानाच्या गणपतींचा हा क्रम पाळला जातो तो परंपरेनं, एकमेकांचा मान राखून. मिरवणूक रेंगाळते, चोवीस तासांच्या वर जाते, आवाजानं कान बसतात. त्यावर तुम्ही टीका करा, मीही करतो. पण तो क्रम बघा.

आता काय झालंय ते लपवत नाही. एकच जाहिरातदार कमान उभारतो, उत्सवाचा खर्च निघतो. दोनशे दारं फिरायचा त्रास वाचला. कलाकार सुपारी देऊन आणता येतात. मग पेठेतली माणसं देखावा बघायला येतात, पण तो 'आपला' म्हणत नाहीत. बिघडला तर ओरडायलाही येत नाहीत. काही ठिकाणी वर्गणी दमदाटीनं मागितली जाते. ती वर्गणी नव्हे, आणि तिथे कोणी हिशेब मागत नाही. तुम्ही उद्या एखादा संगीत महोत्सव, एकांकिका, गल्लीतलं चित्रप्रदर्शन काढाल. मोठा प्रायोजक मिळाला तर घ्या, मी काही साधू नाही. पण शंभर लोकांकडून थोडे थोडे घ्यायचं सोडू नका. फळा ठेवा. खडू स्वस्त आहे.

काका गेले. दुकानात आता त्यांचा नातू बसतो, भांड्यांबरोबर प्लास्टिकचे डबेही विकतो. वर्गणी आता मोबाईलवर देतो, एकशे एक. गेल्या वर्षी आमचा नवा पोरगा गेला, तर यानं पैसे पाठवले आणि विचारलं, "हिशेबाचा कागद?" पोरगा तणतणत परत आला, म्हणाला, यांचा आपल्यावर विश्वास नाही.

मी त्याला कागद दिला आणि परत पाठवलं. यंदाची बैठक आषाढात आहे, मंडळाच्या खोलीत, रात्री नऊला. चपला बाहेर काढायच्या. तुमच्यातलं कोणी आलं, तर पावतीपुस्तक तयार आहे. पहिली पावती स्वतःच्या नावानं फाडा.