विद्यापीठातील एकटेपण आणि सोबतीचा आधार



मराठी शाळेतून शिकलेला विद्यार्थी दूरच्या विद्यापीठात दाखल होतो, तेव्हा वसतिगृहातील अनोळखी खोली, इंग्रजीतून चालणारी व्याख्याने आणि तोडीस तोड सहाध्यायी हे सारे एकदमच त्याच्यासमोर येते. शाळेत नेहमी पहिला येणारा मुलगा पहिल्याच सत्रात एखाद्या विषयात अनुत्तीर्ण होतो. घरी मात्र फोनवर ‘सगळे ठीक आहे’ एवढेच सांगतो. घराने सोसलेला खर्च आणि बाळगलेली आशा यांचे ओझे त्या तीन शब्दांमागे दडलेले असते.

या प्रश्नाची दखल शासन आणि न्यायसंस्था यांनी घेतली आहे. विद्यार्थ्यांच्या शारीरिक व मानसिक स्वास्थ्याविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. तरीही समुपदेशन केंद्राच्या दारापर्यंत जाणे खचलेल्या मुलाला सोपे नसते. कोणी पाहिले तर, घरी कळले तर, ही भीती त्याचे पाऊल अडवते.

त्याची अवस्था प्रथम ध्यानात येते ती शेजारच्या खाटेवरील मित्राच्या. जेवण टाळणे, रात्री जागून काढणे, वर्ग चुकविणे, बोलणे खुंटणे, हे सारे त्याला दिसत असते. म्हणूनच काही संस्था वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देऊन नवागतांचे सोबती म्हणून नेमतात. उपदेश न करता ऐकून घेणे, धोक्याची चिन्हे ओळखणे आणि सोबत चालत समुपदेशकापर्यंत नेणे, एवढेच त्यांचे काम. उपचार हे तज्ज्ञांचे क्षेत्र. मात्र जिवाला धोका असल्यास ती गोष्ट गुप्त ठेवायची नसते, हेही त्यांना शिकविले जाते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, आणि तेही मराठीतून. इंग्रजीत निबंध लिहिता आला, तरी जीव घाबरा होतो, हे सांगायला मायबोलीच जवळची वाटते.

येथेच या शाळेच्या परिवाराचे कर्तव्य सुरू होते. ज्या शहरात माजी विद्यार्थी स्थिरावले आहेत, तेथे नव्याने येणाऱ्या मुलाला गणेशोत्सवात एकदा घरी जेवायला बोलवावे, परीक्षेच्या दिवसांत त्याची विचारपूस करावी. पालकांनी गुणांच्या आधी झोपेची आणि मित्रांची चौकशी करावी. उपचारासाठी एखादे सत्र सोडावे लागले, तर त्याला अपयश मानू नये.

साठ वर्षांत या शाळेने मुलांना आपल्या भाषेत विचार करायला शिकविले. दूर गेलेल्या मुलाला त्याच भाषेत ‘मला मदत हवी आहे’ असे निःसंकोच म्हणता यावे, हीच या हीरकमहोत्सवाची खरी फलश्रुती ठरेल.