मोबाईलवरचे दुकान



मी सातवी शिकलेली बाई. वेबसाइटवर मी काय बोलणार, असे तुम्हांला वाटले असेल, मलाही वाटले. पण आमच्या गटाची जी फजिती झाली ती ऐकून कुणाचा तरी फायदा होईल, म्हणून उभी राहिले.

भोरच्या बाजारात आपण तांदूळ घेऊन बसतो तेव्हा गिऱ्हाईक काय करते? पोत्यात हात घालते, चार दाणे दाताखाली धरते, वास घेते आणि विचारते, "कुठल्या हो तुम्ही?" हिर्डोशीच्या म्हटले की निम्मे काम होते. मोबाईलवरच्या दुकानात पोतेही नाही आणि बाईही नाही. पैसे आधी, तांदूळ मागून. परक्या माणसाने विश्वास ठेवावा तो कशावर?

लिज्जत पापडाची गोष्ट आपण नेहमी सांगतो. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. पण ते पापड भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेले. फसगत झाली तर गिऱ्हाइकाला भांडायला दुकानदार समोर होता. आपल्याकडे तो मधला माणूसच नाही.

माझ्या पुतण्याने हौसेने वेबसाइट करून दिली. हिरवीगार शेते, पांढरेशुभ्र लांब दाणे, वर लिहिलेले 'शंभर टक्के सेंद्रिय' आणि 'शेकडो समाधानी ग्राहक'. गिऱ्हाइके तेव्हा अकरा होती, त्यांतली चार माहेरची! महिनाभराने पुण्याहून एका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "ताई, तुमच्या फोटोतला तांदूळ बासमती दिसतो. मग तुम्ही विकता ती इंद्रायणी कशावरून?" मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. फोटो कुठूनतरी उचललेला होता.

त्या रात्री आम्ही सगळ्या बसलो. भाताला आपण युरिया टाकतो, मग सेंद्रिय कसला? ते काढले. 'शेकडो' काढले. आपल्याच सुपातल्या तांदळाचा फोटो घातला, तुकड्यासकट. इंद्रायणी म्हणजे आंबेमोहोर नव्हे, आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून ती निघाली, हेही लिहिले. कारण बाजारात एकाच्या नावावर दुसरे खपवतात. आणि लिहिले, 'नवा तांदूळ चिकट होतो, पाणी कमी घाला.' पुतण्या म्हणाला, "काकू, असं लिहिल्यावर घेईल कोण?" पण ज्यांना मऊ भात हवा होता तेच लोक मागवू लागले, आणि भात गिचका झाल्याची तक्रार थांबली.

पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' असते. त्याचा अर्थ एवढाच, की आपण टाकलेला मजकूर वाटेत कुणी वाचत नाही. विकणारा प्रामाणिक आहे असे त्यातून ठरत नाही, चोरालाही ते मिळते. म्हणून गावाचे नाव, पुरता पत्ता, अन्नपरवान्याचा १४ आकडी क्रमांक, निव्वळ वजन आणि टपालखर्चासकट किंमत हे सगळे आम्ही पहिल्याच पानावर घातले. शेवटी पैसे भरताना वाढीव खर्च दिसला की माणूस बिचकतो. मी स्वतः तशी दोनदा बिचकले आहे.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव द्यावे लागते, ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निकाल. अधिकारी कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. घरी हे कळल्यावर आमचे हे दोन दिवस मला "साहेब" म्हणत होते! पण आपल्याकडे पावसात वीज जाते, रेंजही जाते. म्हणून फोन कधी लागेल ती वेळ लिहिली, आणि आषाढ-श्रावणात पार्सलला उशीर होईल हेही. उशिराचा राग येत नाही हो, न सांगितलेल्या उशिराचा येतो.

यंदा माघातच आमचा तांदूळ संपला. मागणी तर चालू. बाहेरून चार पोती घेऊन आपल्या पिशव्यांत भरावी, असे गटातल्या दोघींचे मत पडले. बराच वाद झाला. शेवटी पानावर लिहिले, 'तांदूळ संपला. नवा दिवाळीनंतर.' त्या दोघी अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.