रेकॉर्डप्रेमीला टर्नटेबल देताना

एखाद्या घरात आजोबांनी जिवापाड जपलेल्या रेकॉर्ड असतात, पण त्या वाजवायला यंत्र नसतं. अशा घरी टर्नटेबल भेट द्यायचं मनात असेल, तर दुकानात जाण्याआधी रेकॉर्डचं कपाट उघडून पाहा; रेकॉर्ड किती जुन्या आहेत, त्यावर यंत्र ठरतं.

आपल्या मिरजेत राहिलेले गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. लाँगप्ले रेकॉर्ड बाजारात आली १९४८ मध्ये. म्हणजे खाँसाहेबांच्या हयातीतली तबकडी मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणारी, लाखेची. आजची बरीच टर्नटेबलं ३३ आणि ४५ याच वेगांवर चालतात. शिवाय जुन्या तबकडीची खाच रुंद असते. तिला जाड सुई लागते. लाँगप्लेची बारीक सुई तिच्यावर ठेवू नका.

सुई बदलता येते ना, आणि सुईच्या दांडीमागच्या वजनाने सुईचा भार कमी-जास्त करता येतो ना, हे विचारा. लाँगप्लेसाठी हा भार बहुधा दीड ते अडीच ग्रॅम असतो. अचूक आकडा सुईच्या माहितीपत्रकात मिळेल. भार फार झाला तर खाच झिजते, फार कमी पडला तर सुई उडते.

घरच्या अँप्लिफायरला ‘फोनो’ जोडणी नसेल, तर फोनो प्रीअँप असलेलं टर्नटेबल घ्या. सोबत एक मऊ ब्रशही द्या. आणि आजोबांना पहिली रेकॉर्ड स्वतःच्या हातांनी लावू द्या.